चार वर्षांची डिग्री, आठ वर्षांचा उपग्रह

आधी एक सोपं गणित. इंजिनिअरिंगची डिग्री चार वर्षांची असते. (एटीकेटीवाल्यांनी मध्ये बोलू नये, आपण आदर्श परिस्थिती धरून चाललोय.) पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा एक उपग्रह बनवला. त्याचं काम सुरू झालं २००८ साली आणि तो उडाला २२ जून २०१६ला. म्हणजे आठ वर्षं. आता आठाला चारनं भागा बरं.

उत्तर दोन येतं, पण ते कागदावरचं झालं. फर्स्ट इयरला आल्या आल्या कोणी उपग्रहाला हात लावत नाही. सेकंड इयरला टीममध्ये शिरायचं, थर्ड इयरला थोडंफार कळायला लागतं, आणि फायनलला आपण नुकते कुठे ‘सीनिअर’ होतो तर प्लेसमेंट, गेट, जीआरई यांची धावपळ सुरू. एका पोराच्या वाट्याला कामाची खरी वर्षं येतात दोन, फार तर अडीच. म्हणजे आठ वर्षांत निदान तीन-चार पिढ्या आल्या आणि गेल्या. ज्यांनी पहिल्या मीटिंगला फळ्यावर चौकोन काढून “हा आपला उपग्रह” म्हटलं असेल, ते उड्डाणाच्या दिवशी कुठल्यातरी नोकरीत असणार. आणि उड्डाणाच्या वेळी जे टीममध्ये होते, ते पहिल्या मीटिंगच्या वेळी शाळेत होते!

मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ तर याहून सावकाश चालला. २००७ साली सुरुवात आणि २६ सप्टेंबर २०१६ला उड्डाण. नऊ वर्षं.

मी तेव्हा फर्स्ट इयर संपवून घरी बसलो होतो आणि ‘स्वयम्’चं उड्डाण टीव्हीवर पाहिलं होतं. पीएसएलव्ही सी-३४, सकाळी नऊ वाजून २६ मिनिटं, श्रीहरिकोटा. एका रॉकेटवर २० उपग्रह, म्हणून सगळीकडे त्या २०चंच कौतुक चाललं होतं. त्यात मुख्य पाहुणा कार्टोसॅट-२ मालिकेतला, वजन ७२७.५ किलो. आणि त्याच रॉकेटमध्ये एका कोपऱ्यात आपला ‘स्वयम्’, एक किलोपेक्षाही जरा कमी. घरातला मिठाचा पुडा उचलून बघा, तेवढा. आकार १० सेंटिमीटरचा ठोकळा. तेव्हा मला हे सगळं फक्त भारी वाटलं होतं. पिढ्यांचं गणित डोक्यात आलं ते नंतर, स्वतःच्या प्रोजेक्टच्या वेळी, आणि मग ते काही केल्या डोक्यातून गेलंच नाही.

कारण टीमवर्क म्हणून आपल्याला जे शिकवतात ते एका खोलीत, एकाच वेळी बसलेल्या माणसांबद्दल असतं. प्लेसमेंटच्या आधी आमच्याकडे एक ट्रेनर आले होते. त्यांच्या स्लाइडवर मुंग्या होत्या, रस्सीखेच होती, एकमेकांच्या हातावर ठेवलेले हात होते. सगळे हजर, सगळे हसतमुख. पण ज्या कामाला डिग्रीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्याच्या टीममधली निम्मी माणसं निघून गेलेली असतात आणि उरलेली अजून यायची असतात. त्यांचं काय करायचं, हे त्या स्लाइडवर कुठेच नव्हतं.

तर आता आमचं प्रोजेक्ट.

जुलै २०१८, सातवं सेमिस्टर. कॉलेजचं नाव सांगत नाही. नागपूरच्या बाहेर, बसनं तासाभराचं अंतर, एवढं पुरे. ग्रुप चौघांचा. नावंही नको, गावं सांगतो: भंडारा, यवतमाळ, वरूड आणि मी नागपूर. गाइडनं सांगितलं की मागच्या वर्षीच्या ग्रुपनं संत्र्याच्या बागेसाठी ऑटोमॅटिक ठिबकचं प्रोजेक्ट अर्धवट केलंय, ते पूर्ण करा. मातीतला ओलावा मोजायचा, माती कोरडी झाली की मोटर चालू करायची आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा. आम्ही खूश! निम्मं काम झालेलं, म्हणजे निम्मं वर्ष मोकळं.

लॅबमधल्या काकांनी कपाटातून एक खोकं काढून दिलं. बुटाचं. त्यात एक आर्डुइनो बोर्ड, जीएसएम मॉड्यूल, मातीत खुपसायचे दोन सेन्सर, वायरींचा गुंता, एक सीडी आणि वर बाइंड केलेला रिपोर्ट. ७२ पानांचा. त्यातली पहिली २० पानं भारतीय शेतीचं महत्त्व, पुढची २५ आर्डुइनोच्या डेटाशीटमधून जशीच्या तशी उचललेली, मग सर्किटचा फोटो, मग कोड, मग आभार. का, कशासाठी, कुठे अडलं, काय करून पाहिलं आणि जमलं नाही, याबद्दल एक ओळ नाही. ‘फ्यूचर स्कोप’मध्ये लिहिलं होतं की हे प्रोजेक्ट भविष्यात आणखी सुधारता येईल. धन्यवाद!

कोड मात्र चालत होता. म्हणजे चालल्यासारखा दिसत होता. त्यात एक ओळ होती, सेन्सरचं रीडिंग ६४०च्या वर गेलं की मोटर चालू. या सेन्सरचं रीडिंग ० ते १०२३ मध्ये येतं आणि माती जितकी कोरडी तितका आकडा मोठा. ठीक आहे. पण ६४०च का? ६०० का नाही, ७०० का नाही? आम्ही डिपार्टमेंटच्या बाहेरची माती कुंडीत भरून सेन्सर खुपसला, तर पाणी घातल्यानंतरही मोटर मध्येच चालू व्हायची. भंडाऱ्याचा म्हणे सेन्सर खराब आहे. यवतमाळ म्हणे कोड खराब आहे. बर्डीवर जाऊन नवीन सेन्सर आणला, तरी तेच.

शेवटी मी त्या सीनिअर ग्रुपमधल्या एकाचा नंबर शोधून काढला. मित्राच्या रूममेटच्या चुलतभावाकडून वगैरे, नागपुरात असंच चालतं. तो हैदराबादला नोकरीला होता. दोन दिवसांनी फोन उचलला आणि माझा प्रश्न ऐकून आधी हसलाच. “अबे, ते काटोलच्या वावरातलं आहे. काळी माती होती तिथं. तुम्ही कुंडीत लावून राहिले असाल तर नाही जमणार.” त्यांच्यातल्या एकाच्या मामाची काटोलला बाग होती. तिथे जाऊन, माती हातात दाबून बघत, मामांना विचारत विचारत त्यांनी तो आकडा काढला होता. चार रविवार गेले होते त्यात. म्हणजे ६४० हा खरं तर त्या अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मेहनतीचा भाग होता, आणि रिपोर्टमध्ये त्याच्या वाट्याला शून्य ओळी!

फोन ठेवल्यावर मला थोडं वाईटही वाटलं. त्यांच्यावर चिडायला मी तयार होऊन बसलो होतो, पण पोरांनी काम प्रामाणिकपणे केलेलं होतं.

दुसरी गोष्ट याहून मजेची. कोडमध्ये ‘टी मोड’ नावाचा एक व्हेरिएबल होता. तो चालू असला की माती कितीही कोरडी होवो, मोटर चालूच व्हायची नाही. सेन्सर ओरडतोय १००० म्हणून आणि मोटर ढिम्म. आम्हाला वाटलं, टेस्टिंगसाठी घातलेलं असेल आणि काढायचं राहून गेलं असेल. ‘टी’ म्हणजे टेस्ट, आणखी काय असणार? यवतमाळनं कर्सर त्या ओळीवर नेला. “हे कायले ठेवलं बे यानं? काढून टाकतो.”

आता आमच्या वरूडबद्दल सांगायला हवं. ती ग्रुपमधली एकटी मुलगी, त्यामुळे न विचारताच तिच्याकडे ‘डॉक्युमेंटेशन आणि पीपीटी’ दिलेलं होतं. आपल्या कॉलेजांमध्ये हा अलिखित नियमच आहे. पोरं सोल्डरिंग करणार, पोरगी फॉन्ट निवडणार. तर ती शेजारच्या टेबलावर बसून ते ७२ पानी महाकाव्य वाचत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “थांब नं, काढू नको. ताण आहे तो.”

“कसला ताण? ताण तर मले आला आहे.”

मग तिनं आम्हा तिघा इंजिनिअरांना संत्र्याचं झाड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. वरूडकडे घरोघरी बागा, तिच्याही घरी आहे. संत्र्याला फूल हवं असेल तर आधी झाडाचं पाणी तोडावं लागतं. आंबिया बहार धरायचा तर थंडीत, मृग बहार धरायचा तर ऐन उन्हाळ्यात, जमिनीचा मगदूर पाहून काही आठवडे झाड ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतातही. मग पाणी सुरू केलं की झाड फुलावर येतं. अशा वेळी जर आमच्या हुशार यंत्रानं ‘अरेरे, माती कोरडी झाली’ म्हणून मोटर चालू केली असती तर शेतकऱ्याचा त्या हंगामाचा बहार गेला असता. वर्षभराची कमाई गेली, आणि वर त्याला एसएमएस: ‘आपल्या बागेला पाणी दिले आहे.’

टी म्हणजे ताण. काटोलच्या मामांनीच ते सांगितलं असणार. आणि सीनिअर्सनी ते ऐकून कोडमध्ये घातलं, एका अक्षरात.

त्या दिवसापासून वरूडकडचं पीपीटी काढून घेतलं आणि बागेचं सगळं लॉजिक तिच्याकडे गेलं. आम्ही फार उदार झालो होतो असं काही नाही, दुसऱ्या कोणाला ते येतच नव्हतं.

फ्रेड ब्रूक्स नावाच्या माणसाचं १९७५ सालचं ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक आमच्या धंद्यात फार मानतात. (वाचलंय किती जणांनी ते विचारू नका.) त्यात एक हिशोब आहे, की माणसं वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातल्या बोलाचालीच्या जोड्या फार वेगानं वाढतात. चौघांत सहा जोड्या, आठांत २८. म्हणून उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली की ते आणखी रखडतं. बरोबरच आहे. पण आमच्या खोक्याला हा हिशोब लावला तर? आमच्या आपापसात सहा जोड्या. मागच्या ग्रुपमधले चौघं धरले तर त्यांच्या-आमच्या आणखी १६. त्या सोळातली एक जोडी हैदराबादच्या फोनवर उघडली, बाकी १५ बंदच.

आमच्या आपापसातल्या सहा जोड्याही काही फार सुरळीत नव्हत्या म्हणा. पॉवर सप्लाय भंडाऱ्याकडे, जीएसएम यवतमाळकडे. एसएमएस पाठवायची वेळ आली की अख्खा बोर्ड रिसेट व्हायचा. सहा दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, कारण दोघांचंही आपापलं सर्किट वेगवेगळं तपासलं तर ठणठणीत. कारण असं निघालं की ते मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, आणि तेवढ्यात व्होल्टेज कोसळतं. एकाला ‘माझं मॉड्यूल किती ओढतं’ ते माहीत होतं, दुसऱ्याला ‘माझा सप्लाय किती देतो’ ते. दोन आकडे एका कागदावर आले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. शेवटी ते आले, तेही कॅन्टीनमधल्या तर्री पोह्याच्या कागदावर.

पण हे भांडण समोरासमोरच्या माणसांचं होतं, त्यामुळे मिटलं. जो समोर नाही त्याच्याशी भांडायचं कसं?

याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे युरोपचं एरियान-५ रॉकेट. ४ जून १९९६, पहिलंच उड्डाण, फ्रेंच गयानामधल्या कुरू इथून. ४० सेकंद होत नाहीत तोच ते आकाशात वाकडं झालं आणि फुटलं. चौकशीत निघालं ते असं. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर जुन्या एरियान-४ वरून उचललेलं होतं. त्यात एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत बसवला जायचा. एरियान-४च्या वेगात तो आकडा तेवढा मोठा होणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथे मुद्दामच संरक्षण ठेवलेलं नव्हतं, कारण प्रोसेसरवरचा भार कमी ठेवायचा होता. विचार करून घेतलेला निर्णय होता तो. एरियान-५ सुरुवातीलाच आडव्या दिशेनं जास्त वेग घेतं. आकडा मावला नाही. मूळ यंत्रणा बंद पडली, आणि तिची जोडीदार राखीव यंत्रणासुद्धा, कारण दोघींत तोच कोड.

आणि कहर म्हणजे, कोडचा तो भाग एरियान-५ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. जुन्या रॉकेटच्या गरजेपोटी तो उड्डाणानंतरही काही वेळ चालू ठेवलेला होता, नव्या रॉकेटमध्ये तसाच आला. चालतंय ना, मग कशाला हात लावा. चौकशी समितीनं हेही नोंदवलंय की ते तीन व्हेरिएबल उघडे का ठेवले, याचं कारण सोर्स कोडमध्ये कुठेच सापडलं नाही. निर्णय सगळ्यांच्या संमतीनं झाला होता, पण कागदपत्रांच्या ढिगात तो दिसेनासा झाला.

आता बघा, आम्ही ‘टी मोड’ कारण न कळताच काढणार होतो. त्यांनी एक भाग कारण न तपासताच ठेवला. दोन्हीकडे वस्तू हातात पडली, ‘का’ मागे राहिलं. आमचं निभावलं कारण वरूडची मुलगी शेजारच्या टेबलावर होती. नशीब म्हणतात ते हेच.

म्हणूनच ‘स्वयम्’सारख्या प्रोजेक्टचं मला उपग्रहाच्याही पुढचं कौतुक वाटतं. विद्यार्थ्यांचे उपग्रह आपल्याकडे त्याच्या आधीही झालेत. अण्णा विद्यापीठाचा ‘अनुसॅट’ २००९ साली, बेंगळुरू आणि हैदराबादच्या सात कॉलेजांनी मिळून केलेला एक किलोच्या आतला ‘स्टडसॅट’ २०१० साली, कानपूर आयआयटीचा ‘जुगनू’ २०११ साली. सात कॉलेजं मिळून! आमच्याकडे एका कॉलेजातली दोन डिपार्टमेंट मिळून एक गॅदरिंग करताना पाहिलंय मी. असो.

‘स्वयम्’मधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची दिशा सांभाळायची पद्धत. उपग्रह रॉकेटमधून सुटतो तेव्हा गरगरत असतो. त्याला आवरायला मोठ्या उपग्रहांत फिरणारी चाकं असतात, छोटी इंजिनं असतात, त्यांना वीज लागते, कोड लागतो. या पोरांनी आत एक कायमचं चुंबक ठेवलं. होकायंत्राची सुई जशी वळते तसा अख्खा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत वळायला बघतो. सुई वळली तरी डोलत राहते, म्हणून सोबत एका विशेष चुंबकीय धातूच्या काड्या बसवल्या. क्षेत्र बदलेल तसं त्या पुन्हापुन्हा चुंबकीय होतात आणि त्यात गरगरण्याची ऊर्जा उष्णता होऊन हळूहळू निघून जाते. मोटर नाही, वीज नाही, कोडची एक ओळ नाही. अशा पद्धतीचा तो भारतातला पहिलाच उपग्रह.

इंजिनिअर म्हणून बघितलं तर हे वजन आणि वीज वाचवणं झालं. एक किलोच्या डब्यात प्रत्येक ग्रॅमसाठी कम्युनिकेशनवाले आणि पॉवरवाले भांडत असणारच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि हे माझं मत आहे, त्या टीमनं असं कुठे म्हटलंय असा दावा नाही. जिथे दर दोन वर्षांनी माणसं बदलतात, तिथे जितके कमी गुंतागुंतीचे भाग, तितकी कमी ‘का’ पुढे न्यावी लागतात. चुंबकाला केटी लागत नाही.

दुसरी गोष्ट, या प्रोजेक्टांना मधूनमधून इस्रोच्या शास्त्रज्ञांसमोर डिझाइन रिव्ह्यूला उभं राहावं लागायचं. समोरचा विचारणार, ही बॅटरी का, हीच फ्रिक्वेन्सी का. आणि उत्तर देणारी पोरं बहुतेक वेळा ती नसणार ज्यांनी ते ठरवलं. “सर, सीनिअर्सनी केलंय” हे उत्तर तिथे चालत नसेल. आमच्या व्हायवात मात्र ते सर्रास चालतं. एक्स्टर्नल चहा पिता पिता दोन प्रश्न विचारतात, मॉडेलचा दिवा लागला की सही. चौघांना जवळपास सारखेच मार्क, ज्यानं दिवा लावला त्यालाही आणि ज्यानं फक्त स्विच दाबला त्यालाही. आणि पुढच्या वर्षीच्या ग्रुपला ते खोकं उघडून काम सुरू करता येईल का, याला मार्क किती? शून्य. मग पोरं ते का करतील? माझं तर म्हणणं आहे की प्रोजेक्टच्या मार्कांतले वीस टक्के एक वर्षानं द्यावेत, ज्यूनिअरांनी. डिग्री थांबेल म्हणता? थोडी थांबू द्या.

ऑफिसात तरी काय वेगळं आहे म्हणा. मी सध्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे. कॉलेजात एटीकेटी, इथे नुसती केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. माणूस राजीनामा देतो, नोटीस पीरिअड सुरू होतो आणि शेवटच्या आठवड्यात त्याला केटी द्यायला बसवतात. मनानं तो केव्हाच पुण्याला पोचलेला असतो. स्क्रीन शेअर करून तो फोल्डर दाखवतो: इथे हे आहे, इथे ते आहे. रेकॉर्डिंग होतं, कुठल्याशा ड्राइव्हवर जातं आणि परत कोणी ते उघडत नाही. मी आता केटी घेताना एकच प्रश्न विचारतो, “यातलं काय बघून तुला पहिल्यांदा वाटलं होतं की हे चुकीचं आहे, काढून टाकावं?” लोक आधी गोंधळतात. मग एकदम खुलतात आणि तासभर बोलतात. सगळे ६४० आणि सगळे ‘टी मोड’ त्या तासात बाहेर येतात.

तर आमच्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं ते राहिलंच. जानेवारीत आम्ही वरूडच्या बागेत सेन्सर लावले. तिथल्या मातीसाठी आकडा ६४० नाही, वेगळाच निघाला. ताण मोड आता शेतकऱ्याच्या एका एसएमएसनं चालू-बंद व्हायला लागला, आणि कोडमध्ये त्याचं नाव चांगलं सहा शब्दांचं लांबलचक ठेवलं. मेमध्ये, बाहेर ४५ डिग्री आणि लॅबमधला कूलर बंद, अशा अवस्थेत व्हायवा झाली. दिवा लागला. सह्या झाल्या.

बाइंड केलेला रिपोर्ट आम्हीही दिला, शेतीच्या महत्त्वासकट, कारण फॉरमॅटच तसा होता. पण वरूडच्या सांगण्यावरून एक वेगळं २०० पानी रजिस्टर केलं होतं. पहिल्या महिन्यापासून, हातानं लिहिलेलं. तीन रकाने: काय केलं, का केलं, आणि काय करून पाहिलं पण जमलं नाही. तिसरा रकाना सगळ्यात भरलेला होता. त्यात दोन अँपिअरचं भांडण होतं, सेन्सरची टोकं महिन्याभरात गंजून जातात ते होतं, काटोलचे मामा होते, आमच्या चौघांचे फोन नंबर होते. ते रजिस्टर खोक्यात ठेवलं, खोक्यावर मार्करनं ‘आधी रजिस्टर वाचा’ असं लिहिलं आणि कपाटात ठेवून आलो.

२०२०च्या जानेवारीत ऑफिसातून निघत असताना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. फायनल इयरचा पोरगा होता, मित्राच्या ज्यूनिअरच्या रूममेटकडून वगैरे नंबर मिळवलेला.

“दादा, ते ठिबकच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही जो आकडा टाकला आहे, तो कुठून आला?”

मी विचारलं, “रजिस्टर वाचलं का?”

“कोणतं रजिस्टर?”

मधल्या काळात कॉलेजात कुठलीतरी कमिटी येऊन गेली होती. त्याआधी कपाटं आवरली गेली. बोर्ड, सेन्सर, सीडी हा ‘इक्विपमेंट’ म्हणून स्टॉकमध्ये धरला गेला आणि नव्या पांढऱ्या डब्यात गेला. जुनं खोकं आणि वह्या रद्दीत.

मी गाडी बाजूला लावली. विचारलं, “कोडमधलं काही काढलं तर नाही नं अजून?”

“नाही दादा. एक ओळ काढणार होतो, पण नाव एवढं मोठं होतं की वाटलं, कोणीतरी मुद्दाम ठेवलं असेल.”

“बरं केलं. माती कुठची आहे तुमची?”

“कळमेश्वरची. थांबा दादा, एक मिनिट. वही घेतो.”